कोकोखालचं दूध

चॉकलेट दुधाच्या बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. कोकोचा आकडा तिथे बहुधा एक टक्क्याच्या आसपास सापडतो, फार झालं तर दीड. साखर त्याच्या कित्येक पट. बाकी जवळजवळ सगळं दूध. एवढं असूनही या पेयाबद्दल बोलताना दुधाचं नाव कुणी काढत नाही. ‘चॉकलेट मस्त लागतंय’ किंवा ‘फार गोड आहे बुवा’ एवढ्यावर विषय संपतो, आणि लहान मुलांचं पेय म्हणून मोठी माणसं ते नीट चाखायच्या भानगडीत पडत नाहीत. या पुस्तकाचं म्हणणं असं आहे की चॉकलेट दुधांची तुलना ही मुळात दुधांची तुलना आहे. कोको दुधाचे काही दोष झाकतो, जनावराच्या वैरणीचा वास झाकतो, हे खरं. पण दुधाचं अंग, त्याचा स्निग्धपणा आणि त्याला दिलेली आच या तीन गोष्टी त्याला झाकता येत नाहीत. जीभ जरा सावध ठेवली तर एका घोटात या तिन्ही कळतात.

सुरुवात स्निग्धपणापासून. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण सहा ते आठ टक्के असतो, गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार. टोन्ड दुधात तीन, डबल टोन्डमध्ये दीड. कोकोच्या वासातले बरेचसे घटक स्निग्धांशात विरघळतात आणि तोंडाच्या उबेने हळूहळू सुटतात. म्हणून म्हशीच्या दुधातला कोको उशिरा येतो आणि उशिरापर्यंत राहतो. त्याचा कडवटपणा बोथट होतो. डबल टोन्ड दुधातला तोच कोको जिभेवर लगेच येतो, जरा टोचतो आणि घोट गिळला की निघून जातो. हे पटण्यासाठी बाजारात जायची गरज नाही. एकाच डब्यातला कोको, मोजून तीच साखर आणि तीन पिशव्यांमधलं तीन प्रकारचं दूध घ्यावं. तिन्ही पेले सारख्याच तपमानाला आणावेत. समोर बसलेल्या माणसाला काही न सांगता दिले तर त्यातला एक पेला ‘जास्त चॉकलेटचा’ आहे असं तो हमखास सांगतो. कोको तिन्हींत सारखाच असतो. फरक फक्त दुधाचा.

भारतातल्या बाटलीबंद चॉकलेट दुधाच्या लेबलवर ‘टोन्ड’ आणि ‘डबल टोन्ड’ हे शब्द वारंवार दिसतात. त्यामागे मुंबईचा इतिहास आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय या पातळ दुधाला नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मुंबईत दूध महाग होतं, अपुरं होतं आणि त्यात सर्रास पाणी घातलेलं असायचं. तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळून त्याचा स्निग्धांश कमी करायची, पण प्रथिनं राखायची पद्धत रूढ केली. तेच टोन्ड दूध. एका लिटरमध्ये अधिक माणसांचं भागलं आणि किंमत आवाक्यात आली. 1949 मध्ये उभी राहू लागलेली आरे दूध वसाहत ही याच धोरणाची दुसरी बाजू होती. 1963 साली खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज बाटली तोंडाला लावल्यावर जो पातळपणा जाणवतो त्यात ही सगळी खटपट आहे. चाखणाऱ्याने पातळ दुधाला पातळ म्हणावंच, पण ते दूध पातळ का आहे हेही त्याला ठाऊक असावं.

आता आच. या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग तिच्यासाठी राखून ठेवला आहे, कारण आपल्या जिभेचा आणि पुस्तकी परीक्षणाचा मोठा झगडा इथेच आहे.

पाश्चराइज केलेलं दूध साधारण 72 अंश सेल्सियसला पंधरा सेकंद तापवतात. ते पिशवीत येतं, शीतकपाटात राहतं आणि दोन-चार दिवसांत संपवावं लागतं. खोक्यातलं, महिनोन्‌महिने टिकणारं यूएचटी दूध 135 अंशांच्या वर काही सेकंदच असतं. आणि काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण लावून, मग अख्खी बाटलीच तापवायची जुनी पद्धत आहे. त्यात दूध 110 अंशांच्या वर कितीतरी मिनिटं राहतं. प्रत्येक पायरीला चव बदलते. दुधातलं एक प्रथिन उष्णतेने उलगडतं आणि त्यातून गंधकाचा हलका वास सुटतो. ताज्या उकळलेल्या दुधाचा जो वास घरभर पसरतो त्यात त्याचा वाटा असतो. आच वाढली, वेळ वाढला, की दुधातली साखर आणि प्रथिनं यांची एकमेकांशी क्रिया होऊन रंग तांबूस होतो आणि खरपूस, दुधाळ-गोड वास येतो.

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या दुग्धपदार्थ-परीक्षणाच्या स्पर्धा शंभराहून अधिक वर्षं चालू आहेत. त्यांच्या गुणपत्रिकेत दुधाला तापवल्याची चव आली असेल तर तो दोष धरतात आणि गुण कापतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे. थंड, कच्च्याजवळचं, कसलाही वास नसलेलं दूध हा त्यांचा आदर्श आहे. पण आपण बासुंदीच्या, कोजागिरीच्या मसाला दुधाच्या, पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड चमच्याने काढून खाणाऱ्या घरांतून आलो आहोत. साताऱ्याचा कंदी पेढा ज्याला आवडतो त्याच्याकडून तापवल्याच्या चवीला गुण कापायची अपेक्षा करणं चुकीचं आहे. आपल्याकडे दूध आटवतात ते वासासाठीच. म्हणून बाटलीतच शिजलेल्या चॉकलेट दुधाची चव आपल्याला ओळखीची, सणाची वाटते, तर त्या परदेशी गुणपत्रिकेत ते दूध खाली जातं. ही गुणपत्रिका उचलून आणून आपल्या दुधांना लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ आचेला आपल्याकडे माप नाही असा मुळीच नाही. उलट आपल्याकडे ते बारीक आहे आणि त्याचे शब्द घराघरांत आहेत: धारोष्ण, उकळलेलं, आटीव, खरपूस, करपट. खरपूस आणि करपट यांतला फरक कुठल्याही सुगरणीला पातेल्यापासून चार हात लांब उभं राहून वासावरूनच कळतो. या पुस्तकात प्रत्येक चॉकलेट दुधाला मी याच शिडीवर जागा दिली आहे. पिशवीतलं ताजं चॉकलेट दूध ‘उकळलेलं’च्या अलीकडे बसतं, चांगलं यूएचटी ‘उकळलेलं’वर, बाटलीत शिजवलेलं ‘आटीव’ ते ‘खरपूस’च्या दरम्यान. करपटपणा मात्र कोकोच्या कडवटपणात लपून बसतो आणि तो शोधायला सराव लागतो. कोकोचा कडवटपणा जिभेच्या मागे, उशिरा येतो आणि हळूहळू ओसरतो. करपलेल्या दुधाचा कडवटपणा घोट गिळल्यावरही घशाशी कोरडा राहतो.

या शिडीचं अगदी खालचं टोक पाहायचं तर कोल्हापुरात जावं. तिथल्या दूधकट्ट्यांवर संध्याकाळी म्हशी आणून समोर धार काढून देतात. गंगावेशीचं नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या पेल्यात कोको नाही, साखर नाही, आचही नाही. दाट, फेसाळ, किंचित गोड. म्हशीच्या दुधाला स्वतःची किती गोडी असते हे त्या घोटात कळतं आणि मग बाटलीतल्या साखरेचं प्रयोजन काय, हा प्रश्न आपोआप पडतो. (कच्चं दूध पिण्यातली जोखीम खरी आहे. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसं यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.)

आपल्याकडच्या बाटलीबंद दुधात कोको तसा उपराच. आरेच्या स्टॉलवरचं ‘एनर्जी’ असो की निरनिराळ्या जिल्हा दूध संघांचं सुगंधी दूध, जुने स्वाद म्हणजे वेलची, केशर, पिस्ता. या स्वादांची एक सोय असते. वेलचीचं तेल दुधातल्या स्निग्धांशात मिसळून जातं, केशराचा रंग पाण्यात उतरतो, आणि बाटली आठवडाभर उभी ठेवली तरी तळाशी काही साचत नाही. कोकोचं तसं नाही. कोको विरघळत नाही. तो कितीही बारीक दळला तरी कणच राहतो, दुधापेक्षा जड असतो आणि तळ गाठतो. घरी कोको करताना थोड्या गरम दुधात साखरेबरोबर तो घोटून घेतात, नाहीतर गुठळ्या होतात. पण घोटलेला कोकोही तासाभरात खाली बसतोच.

कारखान्यांनी यावर शोधलेला उपाय समुद्रातला आहे. लाल रंगाच्या काही समुद्री शेवाळांपासून कॅराजीनन नावाचा पदार्थ काढतात. दहा लिटर दुधात दोन-तीन ग्रॅम एवढाच तो पुरतो. दुधातल्या केसिन या प्रथिनाशी जोडला जाऊन तो संपूर्ण बाटलीभर एक अतिशय नाजूक जाळं विणतो, आणि कोकोचे कण त्या जाळ्यात अडकून जागच्या जागी राहतात. बाटली हलवली की जाळं मोडतं, दूध पुन्हा ओतलं जाण्याइतकं पातळ होतं. लेबलवर 407 हा क्रमांक दिसला की हेच समजावं. मला हा उपाय फार देखणा वाटतो, आणि ‘केमिकल घातलंय’ म्हणून त्याला झिडकारणाऱ्यांशी माझं जमत नाही. आयर्लंडच्या किनाऱ्यावरची माणसं हेच शेवाळ दुधात उकळून खीर घट्ट करत आली आहेत. आक्षेप घ्यायचा तर प्रमाणावर घ्यावा. पातळ दूध दाट भासावं म्हणून याचा किंवा सेल्युलोज गमचा हात सैल सुटला की घोट जिभेवर घसरतो, पेल्याच्या काठावर बुळबुळीत पडदा राहतो, आणि वास तोंडात सुटायच्या आधीच दूध घशाखाली जातं. स्निग्धांशाने आलेला दाटपणा जिभेवर पसरतो, गमने आलेला एकसंध सरकतो. हा फरक एकदा लक्षात आला की विसरता येत नाही.

कोको तळाशी बसतो या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आपल्या शेजारीच, सुरतेत मिळतं. तिथे थंड ‘कोको’ हे स्वतंत्र पेय आहे आणि त्याला चॉकलेट मिल्कशेक म्हटलेलं सुरतेच्या माणसाला चालत नाही. दुधात कोको, साखर आणि कस्टर्ड पावडर किंवा कॉर्नफ्लोर घालून ते उकळतात, दाट होईपर्यंत ढवळतात, मग तासन्‌तास गार करतात आणि वर किसलेलं चॉकलेट घालून देतात. इथे कण धरून ठेवायचं काम पिठूळ पदार्थ करतो. कोकोच्या पुडीतही थोडं पीठ असतंच, ते उकळीने फुगतं आणि दाटपणात भर घालतं. नुसत्या थंड दुधात कालवलेल्या कोकोला हा गुण कधीच येत नाही. सुरती कोको आपल्या शिडीवर ‘आटीव’च्या पायरीवर बसतो, आणि महाराष्ट्रातून सुरतेला जाणाऱ्या माणसाला तो पहिल्या घोटात आपला वाटतो तो यामुळेच. अमूलने याच पेयाच्या वळणाचं ‘कूल कोको’ बाटलीत आणलं आणि ते मुंबई-पुण्याच्या दुकानांत सहज मिळतं. दोन्ही शेजारी ठेवून चाखण्यासारखी जोडी आहे. बाटलीतलं जास्त गुळगुळीत आणि जास्त पातळ; सुरतेच्या दुकानातल्या कोकोला चमच्याने घ्यावंसं वाटेल इतकं अंग. मला विचाराल तर दुकानातला कोको पहिला.

कोकोबद्दल थोडक्यात सांगण्यासारखं इतकंच. नेदरलँड्समध्ये व्हान हौटेन यांच्याकडे 1828 साली कोकोतलं लोणी दाबून काढायचं तंत्र आलं आणि पुढे त्याच घराण्याच्या नावाशी कोकोला क्षाराची प्रक्रिया करायची पद्धतही जोडली गेली. साधा कोको आंबूस असतो, फळासारखा लागतो, रंगाने फिका तपकिरी असतो. क्षार दिलेला कोको काळपट, सौम्य आणि मातकट वासाचा होतो. दुधाच्या कारखान्यांना हा दुसरा सोयीचा, कारण आंबूस कोकोबरोबर जास्त तापवलेलं दूध फाटायचा धोका असतो. म्हणून गडद रंग पाहून ‘यात कोको जास्त’ असं म्हणू नये. तो रंग बहुतेक वेळा क्षाराचा असतो. आणि ज्या बाटलीत व्हॅनिलाचा वास कोकोच्या आधी येतो, त्या बाटलीत कोकोवर हात आखडता घेतलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

बोर्नव्हिटासारखी पेयं मी या तुलनेत घेतली नाहीत. भारतात ती 1948 पासून आहेत आणि कित्येकांची दुधाशी दोस्ती त्यांनीच करून दिली, पण त्यांची चव माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याची आहे. कोको त्यात दुय्यम. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, तेव्हा साखरेची मोठी चर्चा झाली. ती चर्चा चॉकलेट दुधालाही लागू आहे. लेबलवर ‘एकूण साखर’ आणि ‘अतिरिक्त साखर’ असे दोन वेगळे आकडे असतात. शंभर मिलिलिटर दुधात साडेचार ते पाच ग्रॅम साखर दुधाची स्वतःची असते. तिची काळजी नको. दुसरा आकडा पाहावा. तो आठ असेल तर दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत सोळा ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर वरून घातलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसभरात साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत राहावं असं सुचवते. आरोग्याचा मुद्दा आहेच, पण चाखणाऱ्याची तक्रार त्याहून वेगळी आहे: साखर चढली की दूध ऐकूच येत नाही. बाटल्या फार थंड विकतात, आणि थंडीत गोडी कमी जाणवते म्हणून साखर आणखी घालतात. ती बाटली जरा कोमट झाल्यावर प्यावी, मग साखर किती आहे ते कळतं.

बाहेरच्या देशांतली दोन उदाहरणं पुस्तकात मुद्दाम घेतली आहेत. बार्सिलोनात 1930च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘काकाओलात’ हे बाटलीबंद कोको-दूध मिळतं. ते निर्जंतुक केलेलं, तापवल्याची चव उघडपणे मिरवणारं आहे, आणि तिथली माणसं ते थंडीत बारमध्ये गरम करूनही मागतात. दुसरं न्यूझीलंडचं. 2014 साली लुइस रोड क्रीमरी या कंपनीने ताज्या दुधात व्हिटेकर्सचं खरं चॉकलेट घालून बाटली आणली आणि तिच्यासाठी सुपरमार्केटांत रांगा लागल्या, काही ठिकाणी पहारा ठेवावा लागला. एकीकडे शिजलेलं, पिढ्यान्‌पिढ्या प्यायलेलं दूध. दुसरीकडे जेमतेम तापवलेलं. दोन्ही आपापल्या गावी जीव लावून प्यायली जातात, आणि दोन्हींमागे त्या त्या ठिकाणच्या दुधाची सवय आहे. गाईच्या ताज्या दुधाचा देश आणि बाटलीत टिकवलेल्या दुधाचं शहर, यांच्या जिभा सारख्या कशा असतील?

आता चाखायच्या पद्धतीविषयी. पेले एकसारखे आणि शक्यतो अपारदर्शक असावेत, कारण गडद रंग पाहिला की जीभ आपोआप ‘चॉकलेट’ म्हणते. दूध चौदा-पंधरा अंशांना असावं, म्हणजे शीतकपाटातून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेलं. एका बैठकीत चार-पाचांहून जास्त पेले नकोत. साखरेने जीभ थकते. मधे साधं पाणी आणि मूठभर कोरडे कुरमुरे. दोन दुधांत खरंच फरक जाणवतो का हे तपासायचं असेल तर तीन पेले भरावेत, दोनांत एक दूध, तिसऱ्यात दुसरं, आणि वेगळा पेला ओळखायला सांगावा. पदार्थांच्या चवीचं परीक्षण करणारे याच कसोटीवर भरवसा ठेवतात, कारण तिथे मतं चालत नाहीत. पहिला घोट तोंडात फिरवून थांबावं: आधी अंग, मग गोडी, मग वास, शेवटी गिळल्यावर मागे काय उरतं ते. आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिवसेंदिवस उभी असलेली पारदर्शक बाटली घेऊ नये. प्रकाशाने दुधातल्या एका जीवनसत्त्वाची क्रिया सुरू होऊन ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि तो दोष दुधाच्या माथी बसतो.

पुस्तकात किमती दिलेल्या नाहीत, गुणांची बेरीज नाही आणि सर्वोत्तमाचा मान कुणालाही दिलेला नाही. दूध संघ ऋतूप्रमाणे दूध बदलतात, उन्हाळ्यात पावडरीचं प्रमाण वाढतं, कारखाने न सांगता घटक बदलतात. छापलेला क्रमांक सहा महिन्यांत खोटा ठरतो. त्याऐवजी प्रत्येक दुधाची नोंद शिडीवरच्या जागेसकट आणि कोणत्या महिन्यात चाखलं त्यासकट दिली आहे, म्हणजे वाचकाला आपल्या बाटलीशी ती ताडून पाहता येईल. पहिल्या प्रकरणात कोको नाहीच. त्यात म्हशीचं, गाईचं आणि टोन्ड, अशी तीन साधी दुधं आधी न उकळता आणि मग उकळून चाखायची आहेत. बाजारातल्या बाटल्या तिसऱ्या प्रकरणापासून सुरू होतात.